आयएल-२ दुप्पट केलं तरी टी सेल्स का मरतात? सायटोकाइन नेमकं करतं काय

प्रश्न थोडक्यात असा होता: अँटी-सीडी३ आणि अँटी-सीडी२८ (टी सेलला चेतवणाऱ्या अँटिबॉडी) लावलेल्या बीड्सनी माणसाच्या रक्तातल्या टी सेल्स (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) अॅक्टिव्हेट केल्या, सोबत १०० युनिट प्रति मिली आयएल-२ (इंटरल्यूकिन-२, एक सायटोकाइन, म्हणजे पेशींना निरोप देणारं प्रोटीन) टाकलं. तिसऱ्या दिवशी मस्त गुच्छ दिसले, चौथ्या दिवशी बीड्स काढले, आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून वाढ थांबून मर सुरू झाली. आयएल-२ दुप्पट केलं, काडीचा फरक नाही. मग हे सायटोकाइन टी सेलच्या वाढीत नेमकं करतं काय, आणि शरीरात हेच सगळं कसं चालतं?

मी गेली अठरा-एकोणीस वर्षं टी सेल कल्चर करतोय आणि खरं सांगू, हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी नवीन आलेलं विचारतंच, आणि प्रत्येकाने आधी तुमच्यासारखंच आयएल-२ वाढवून पाहिलेलं असतं. मीही पाहिलं होतं. गोची अशी आहे की आपण सायटोकाइनला खत समजतो, जास्त घातलं की जास्त उगवेल. तसं नाहीये ते. मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) सायटोकाइन किती आहे यापेक्षा त्या वेळी पेशीच्या अंगावर ते पकडणारे रिसेप्टर किती आहेत आणि तो सिग्नल किती तास टिकला, यावर सगळं ठरतं.

आधी आकडे घेऊ, कारण तुमच्या दुप्पट करण्याचं उत्तर तिथेच आहे. आयएल-२ च्या रिसेप्टरच्या तीन साखळ्या, अल्फा म्हणजे सीडी२५, बीटा म्हणजे सीडी१२२, आणि गॅमा. तिन्ही एकत्र असल्या तर रिसेप्टर साधारण १० पिकोमोलर इतक्या कमी आयएल-२ लाही घट्ट पकडतो. अल्फा नसेल, फक्त बीटा-गॅमा असतील, तर तेच गणित १ नॅनोमोलरवर जातं म्हणजे शंभर पटीने सैल. आता तुमचे १०० युनिट प्रति मिली म्हणजे वजनात जेमतेम ६ नॅनोग्रॅम आणि मोलर हिशोबात ४०० पिकोमोलरच्या आसपास. तिसऱ्या दिवशी पेशींवर सीडी२५ खच्चून भरलेलं असतं, त्यांच्यासाठी ४०० पिकोमोलर म्हणजे गरजेच्या चाळीसपट, रिसेप्टर आधीच भरलेले, ८०० केलं काय आणि ४००० केलं काय. सहाव्या-सातव्या दिवशी मात्र बीड्स जाऊन दोन-तीन दिवस झालेत, टीसीआरचा (अँटिजेन, म्हणजे परक्या प्रोटीनचा तुकडा, ओळखणारा टी सेलचा रिसेप्टर, बीड्स यालाच चेतवतात) सिग्नल नाही, सीडी२५ उतरणीला लागलंय, आणि आता तेच ४०० पिकोमोलर बीटा-गॅमासाठी अपुरं आहे. तेव्हा दुप्पट केल्याने कागदावर थोडा फायदा दिसतो हे खरं, पण तोपर्यंत फ्लास्कमधला आयएल-२ शिल्लक किती आहे हे कुणी मोजलंय?

कारण टी सेल आयएल-२ खाते. अक्षरशः. रिसेप्टरला चिकटलेलं आयएल-२ पंधरा-वीस मिनिटांत रिसेप्टरसकट पेशीच्या आत ओढलं जातं, आत गेल्यावर अल्फा साखळी परत वर येते पण बीटा आणि गॅमा लायसोसोममध्ये जाऊन मोडतात, आयएल-२ सुद्धा त्यांच्याबरोबरच मोडतं. म्हणजे सिग्नल चालू ठेवायचा तर पेशीने नवे रिसेप्टर बनवत राहायला हवं आणि बाहेर नवं आयएल-२ मिळत राहायला हवं. तुम्ही मीडिया किती दिवसांनी बदललात ते लिहिलं नाहीये पण मला दाट संशय आहे की चौथ्या दिवशी एकदा आणि मग थेट सातव्या दिवशी. तेवढ्यात पेशी चौपट झाल्या, मीडिया लाल-गुलाबीचा लिंबासारखा पिवळा झाला (तो पिवळा म्हणजे लॅक्टिक अॅसिड, वाढणारी टी सेल ग्लुकोज वेड्यासारखी जाळते), आणि आयएल-२ संपलं. सातव्या दिवशी तुम्ही दुप्पट डोस दिलात तो उपाशी, मरणाच्या वाटेवर लागलेल्या पेशींना.

आता मुळाशी जाऊ, मग बाकीचं आपोआप लागेल.

टी सेलला वाढायला कोण सांगतं? पहिला हुकूम टीसीआरचा, अँटिजेन ओळखल्याचा. दुसरा सीडी२८ चा. या दोघांनी पेशी जागी होते, जी पाच-सात मायक्रॉनची मख्ख गोल पेशी होती ती फुगून दहा-बारा मायक्रॉनची ब्लास्ट होते, आत एनफॅट, एपी-१, एनएफ-कप्पा-बी ही जीन चालू करणारी प्रोटीन्स जागी होतात, काही तासांतच आयएल-२ चा जीन वाचायला लागतो आणि सीडी२८ त्या मेसेंजर आरएनएला लवकर मोडू देत नाही. गंमत अशी की इथे पेशी दोन गोष्टी एकाच वेळी करते, आयएल-२ बनवते आणि ते ऐकायला सीडी२५ ही वर आणते. आणि आयएल-२ चा सिग्नल पुन्हा सीडी२५ वाढवतो, स्टॅट५ या निरोप आत नेणाऱ्या प्रोटीनमार्फत. म्हणजे थोडं ऐकू आलं की कान अजून तीक्ष्ण होतो. हा फीडबॅक नीट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

प्रत्यक्ष पेशी दुभंगायचा निर्णय मात्र टीसीआर एकटा घेत नाही. आयएल-२ रिसेप्टरला लागलं की बीटा साखळीला चिकटलेला जॅक१ आणि गॅमाला चिकटलेला जॅक३ एकमेकांना पेटवतात, स्टॅट५ न्यूक्लियसमध्ये जातं, तिकडे पीआय३ कायनेज-एकेटी-एमटॉर ही लाइन चालू होते, तिसरीकडे मॅप कायनेज. परिणाम काय, तर सायक्लिन डी वाढतं, पी२७ नावाचा जो ब्रेक सेल सायकलला लागलेला असतो तो उतरतो, आणि पेशी जी१ या तयारीच्या टप्प्यातून एस फेजमध्ये, म्हणजे डीएनएची प्रत काढायच्या टप्प्यात, शिरते. रॅपामायसिन नेमकं इथेच अडकवतं, एमटॉर बंद म्हणून पी२७ उतरत नाही. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस त्याच्या आधी अडवतात, कॅल्सिन्युरिन बंद, एनफॅट बंद, आयएल-२ बनणारच नाही. बॅसिलिक्सिमॅब थेट सीडी२५ झाकतं. किडनी ट्रान्सप्लांटच्या औषधांची यादी काढून बघा, निम्मी यादी या एकाच वाटेवर वेगवेगळ्या ठिकाणी नाकाबंदी करून बसलेली आहे.

१९८४ साली कँट्रेल आणि स्मिथ यांनी एक सुंदर गोष्ट दाखवली होती, आजही मी नवीन मुलांना आधी तेच समजावतो. एकाच फ्लास्कमधल्या सगळ्या पेशी एकाच वेळी दुभंगत नाहीत, का? तर प्रत्येक पेशीवर रिसेप्टरची संख्या वेगळी. आयएल-२ किती, रिसेप्टर किती, आणि दोघांची गाठ किती वेळ पडली, या तिन्हींचा हिशोब एका ठरावीक मापापर्यंत भरला की पेशी एस फेजमध्ये जाते, नाही भरला तर नाही जात. अर्धवट दुभंगणं असा प्रकार नाही. म्हणून सीएफएसई हा रंग लावून बघाल (दर विभाजनाला रंग निम्मा होतो) तर एक डोंगर सरकत जाताना दिसत नाही, वेगवेगळी शिखरं दिसतात, कुणी दोनदा दुभंगलेली, कुणी पाचदा, आणि एक हट्टी शिखर उजवीकडेच बसून राहिलेलं, ज्या पेशींनी माप भरलंच नाही. पुढे २०१४ मध्ये असंही दाखवलं गेलं की टीसीआर, सीडी२८ आणि सायटोकाइन हे तिन्ही सिग्नल पेशी किती वेळा दुभंगणार त्या आकड्यात साध्या बेरजेसारखे मिळतात. म्हणजे तुमची पेशी चौथ्या दिवशी बीड्स निघेपर्यंत जेवढी बेरीज घेऊन बसलीये तेवढीच पुढे पळणार, आणि नंतर तिला सायटोकाइनची शिदोरी लागणार.

थोडं विषयांतर करतो, कारण हे सगळं कळलं ते चुकून. साठच्या दशकापासून लोक लिम्फोसाइट्सना पीएचए देत होते, राजम्याच्या दाण्यातलं प्रोटीन, त्याने पेशी दुभंगतात पण काही दिवसांत मरून जातात, हुबेहूब तुमच्या फ्लास्कसारखं. १९७६ मध्ये मॉर्गन, रसेटी आणि गॅलो हे ल्युकेमियाच्या मायलॉइड पेशी वाढवायला काहीतरी घटक शोधत होते, त्यांनी पीएचए दिलेल्या लिम्फोसाइट्सचं वरचं पाणी बोन मॅरोच्या पेशींना घातलं, आणि वाढल्या भलत्याच, टी सेल्स, आणि वाढतच राहिल्या. त्या पाण्यातल्या घटकाला आधी नुसतं टी सेल ग्रोथ फॅक्टर म्हणायचे, इंटरल्यूकिन हे नाव १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेनच्या बैठकीत पडलं, आणि १९८३ मध्ये तानिगुचींनी जीन क्लोन केला.

आता शरीरात. इथे नुसतं आयएल-२ बघून चालत नाही, आणि वेळेनुसार पात्रं बदलतात.

ज्या टी सेलने अजून अँटिजेन पाहिलंच नाही, म्हणजे नाईव्ह, ती आयएल-७ वर जगते. लिम्फ नोडमधल्या स्ट्रोमल पेशी ते सतत थोडं थोडं सोडत असतात, त्याने पेशीला मरू न देणारं बीसीएल-२ टिकून राहतं, पेशी वाढत नाही पण मरतही नाही. आयएल-७ मोजकंच बनतं आणि खाणाऱ्या पेशी भरपूर, म्हणून संख्या आपोआप आटोक्यात. केमोने किंवा इन्फेक्शनने टी सेल्स कमी झाल्या की खाणारे कमी, आयएल-७ साठतं, आणि उरलेल्या पेशी अँटिजेनशिवायच हळूहळू दुभंगायला लागतात. सीएआर-टी (कॅन्सर ओळखायला बदललेल्या टी सेल्स) देण्याआधी पेशंटला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधं देतात त्यामागे हेही एक कारण आहे, जुने खाणारे बाजूला केले की आयएल-७ आणि आयएल-१५ नव्या पेशींच्या वाट्याला येतं. बाहेरून एक थेंब सायटोकाइन न देता स्पर्धा कमी करून वाढ मिळवायची, मला ही या सगळ्या क्षेत्रातली सगळ्यात शहाणी युक्ती वाटते.

मग इन्फेक्शन होतं. उंदरातल्या एलसीएमव्ही व्हायरसचं उदाहरण घ्या, त्या व्हायरसचा एखादा ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या सीडी८ पेशी (मारेकरी जातीच्या टी सेल्स) सुरुवातीला अख्ख्या उंदरात शंभर-दोनशे, आठव्या दिवशी सुमारे १ कोटी. म्हणजे जवळपास सोळा वेळा दुप्पट, आणि पहिला दिवस-दीड दिवस तर तयारीतच जातो, तेव्हा पुढचा वेग बघा, सरासरी दर दहा-एक तासांना एक विभाजन. या धावपळीत आयएल-७ चा रिसेप्टर बहुतेक पेशी खाली घेतात, सीडी२५ वर घेतात. जिला आयएल-२ भरपूर आणि जास्त वेळ मिळालं ती मारेकरी होते, खूप दुभंगते आणि दमून संपते. जिने सीडी२५ लवकर खाली घेतलं तिच्यात आयएल-७ चा रिसेप्टर परत दिसायला लागतो आणि ती मेमरीच्या वाटेला लागते. व्हायरस गेला की ९० ते ९५ टक्के पेशी मरतात, उरलेल्या आयएल-७ आणि आयएल-१५ वर वर्षानुवर्षं राहतात. आयएल-१५ चं वागणं गमतीचं आहे, ते मोकळं फारसं फिरत नाही, डेंड्रिटिक सेल (टी सेलला अँटिजेन दाखवणारी पेशी) स्वतःच्या आयएल-१५ रिसेप्टर अल्फावर ते धरून शेजारच्या टी सेलला हातात दिल्यासारखं देते.

तिसरा सिग्नल म्हणून जे म्हणतात ते आयएल-१२ आणि टाइप १ इंटरफेरॉन. सीडी८ ला फक्त अँटिजेन आणि सीडी२८ मिळालं तर ती दुभंगते पण नीट लढाऊ होत नाही आणि टिकतही नाही, हा तिसरा मिळाला तर दोन्ही होतं. पण क्रम चुकला की उलटा परिणाम, इंटरफेरॉन अँटिजेनच्या आधी पोचलं तर वाढ दाबली जाते. तेच रसायन, तीच पेशी, फक्त वेळ मागेपुढे. सीडी४ (मदतनीस टी सेल) च्या जाती कुठल्या सायटोकाइनने पडतात, आयएल-१२ ने टीएच१, आयएल-४ ने टीएच२, टीजीएफ-बीटा आणि आयएल-६ ने टीएच१७, ते कुठल्याही पुस्तकात आहे, त्यात शिरत नाही.

आता तो भाग ज्याने माझीही समजूत एकदा पार उलटी केली होती. आयएल-२ जर टी सेल वाढवतं तर आयएल-२ चा जीनच काढलेला उंदीर कसा असेल? टी सेल नाहीत, इन्फेक्शनने मरणारा, असंच वाटेल ना. प्रत्यक्षात त्या उंदरांत टी सेल्स बनतात, आणि ते मरतात ऑटोइम्युनिटीने, १९९३ मध्ये त्यांच्या आतड्याचा कोलायटिस नोंदवला गेला. टी सेल्स कमी नाहीत, मोकाट. कारण सीडी२५ कायम अंगावर घेऊन फिरणारी एक जात असते, रेग्युलेटरी टी सेल, साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलेली (ब्रंको आणि रॅम्सडेल यांच्यासोबत २०२५ चं नोबेल त्यांना त्याच कामाच्या ओघात मिळालं), ती स्वतः आयएल-२ बनवत नाही पण त्याशिवाय जगत नाही. आजूबाजूला आयएल-२ सुटलं की आधी ही खाते, म्हणून आयएल-२ सुटलेल्या पेशीपासून काही पेशींच्या अंतरापलीकडे सहसा पोचतच नाही. ज्या लढाऊ पेशीने जोरदार टीसीआर सिग्नलने सीडी२५ भरपूर वर आणलंय तीच या स्पर्धेत टिकते, बाकीच्या कोरड्या राहतात. आणि गॅमा साखळीच गेली तर? मग आयएल-२, ४, ७, ९, १५, २१ सगळ्यांनाच पेशी एकदम बहिरी, कारण ती साखळी त्यांच्या सगळ्यांच्या रिसेप्टरमध्ये सामायिक. मुलग्यांमधली एक्स-लिंक्ड एससीआयडी (प्रतिकारशक्ती जवळपास नसण्याचा जन्मजात आजार) ती हीच, टी सेल्स जवळपास शून्य, आणि तिथे खरा घाव आयएल-७ चा असतो, आयएल-२ चा नाही.

औषध म्हणून आयएल-२ देण्याचा इतिहास याच गोंधळाने भरलाय. १९९२ मध्ये किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली, १९९८ मध्ये मेलानोमासाठी. किलोमागे ६ लाख युनिट, दर आठ तासांनी, कारण रक्तातून ते दीड-एक तासात निम्मं होतं. थोड्या पेशंटमध्ये कॅन्सर कायमचा गेला, पण रक्तवाहिन्या गळून बीपी कोसळायचं, फुफ्फुसात पाणी भरायचं. उलट अगदी कमी डोस दिला तर सीडी२५ वाल्या रेग्युलेटरी पेशीच तेवढ्या वाढतात, म्हणून तो ग्राफ्ट-व्हर्सस-होस्टमध्ये (दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीरावरच उलटतात तो आजार) वापरून पाहिला गेला. एकच रेणू, डोस बदलला की पार्टी बदलतो. मग लोकांनी डोकं लढवलं, अल्फाला चिकटू न देणारं आयएल-२ बनवू म्हणजे रेग्युलेटरी पेशी उपाशी. त्यातलं सगळ्यात गाजलेलं, बेम्पेगआल्डेसल्यूकिन, २०२२ मध्ये मेलानोमाच्या तिसऱ्या टप्प्यात आपटलं. माझं मत विचाराल तर त्यात फार आश्चर्य नव्हतं, ट्यूमरमध्ये नुकतीच पेटलेली सीडी८ सुद्धा सीडी२५ वरच ऐकत असते, तिचाही कान तुम्ही झाकलात.

परत तुमच्या फ्लास्ककडे. दोन प्रकारचं मरण असतं आणि ते ओळखायला शिका. एक उपासमारीचं, सायटोकाइन नाही, बीसीएल-२ उतरलं, पेशीला मारणारं बिम वर आलं, पेशी बारीक होऊन गुपचूप मरतात. दुसरं अति झाल्याचं, भरपूर आयएल-२ मिळालेल्या पेशीला परत जोरदार टीसीआर सिग्नल दिला की फॅस या मरणाचा हुकूम देणाऱ्या रिसेप्टरमार्फत ती स्वतःलाच संपवते. लोक पहिलं बघून घाबरतात आणि नव्या बीड्स व जास्त आयएल-२ एकत्र टाकून दुसरं घडवून आणतात. तुम्ही ते केलं नाहीत हे बरं झालं.

मी काय करेन: बीड्स काढल्यापासून दर दुसऱ्या दिवशी काउंट, पेशी मिलीमागे ५ ते १० लाखांत ठेवायच्या, ताजा मीडिया आणि आयएल-२ प्रत्येक वेळी. नुसता आकडा हवा असेल तर आयएल-२ पुरे. पुढे उंदरात सोडायच्या असतील, टिकायला हव्या असतील, तर आयएल-२ ऐवजी आयएल-७ आणि आयएल-१५, दोन्ही ५ ते १० नॅनोग्रॅम प्रति मिली, वाढ थोडी सावकाश होते पण पेशी दमलेल्या नसतात. स्टॉक कसा ठेवलाय तेही बघा. मी एकदा आयएल-२ नुसत्या पीबीएसमध्ये (क्षारांच्या द्रावणात) पातळ करून छोट्या ट्यूबांमध्ये फ्रीजमध्ये ठेवलं होतं, तीन आठवडे सीरमला शिव्या घातल्या, शेवटी कळलं की आयएल-२ ट्यूबच्या प्लास्टिकलाच चिकटून बसलंय. अल्ब्युमिन घालून ठेवा, एकेका वापराचे अॅलिकॉट करा, वितळवून परत गोठवू नका.

आणि अंदाज लावत बसण्यापेक्षा एक टेस्ट करा. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या दिवशी थोड्या पेशी घ्या, धुऊन दोन-तीन तास आयएल-२ शिवाय ठेवा, मग अर्ध्यांना पंधरा मिनिटं आयएल-२ द्या, लगेच फिक्स करा, सीडी२५ आणि फॉस्फो-स्टॅट५ (चालू झालेलं स्टॅट५) दोन्ही रंगवून फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीचा रंग मोजणारं यंत्र) चढवा. सहाव्या दिवशीही स्टॅट५ उजवीकडे झक्कास सरकत असेल तर पेशी ऐकतायत, तुम्ही खायला कमी पडताय. सरकतच नसेल तर तो जो फीडबॅक मी वर सांगितला, तो तुटलाय, सीडी२५ गेलंय, आणि तिथे आयएल-२ दुप्पट-तिप्पट ओतलं तरी फारसं काही होणार नाही, चौथ्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशी बीड्स काढून बघा.